टाळी आणि चपराक

आपल्याकडे घरातले भांडण मिटवायला बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ दोन वस्तू हमखास असतात: पानाचा डबा, आणि ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हण. डबा उघडतो, म्हण बाहेर पडते, दोन्ही पक्षांना थोडा थोडा दोष वाटून दिला जातो आणि मंडळी समाधानाने चहाला उठतात. निवाडा झालेला नसतो. तो टळलेला असतो. ज्याला अधिक लागले आहे त्यानेच पुष्कळदा पहिल्यांदा मान खाली घालायची असते, हा त्यातला न बोललेला भाग.

म्हणीवर माझा राग नाही. टाळीपुरती ती अक्षरशः खरी आहे. टाळीच्या आवाजात डाव्या हाताचा वाटा किती आणि उजव्याचा किती, असा हिशेब मांडायला बसलेला माणूस वेड्यातच जमा व्हायचा. तो आवाज दोघांचा मिळून असतो. परंतु भिंतीपलीकडे बसलेल्याला चपराकीचा आवाजही तसाच ऐकू येतो. तेथेही दोन पृष्ठभाग एकमेकांवर आपटतात, एक हाताचा आणि एक गालाचा. म्हणून ‘ती चपराक दोघांनी मिळून मारली’ असे कोणी म्हणत नाही. निदान म्हणू नये. मग भिंतीपलीकडून टाळी कोणती आणि चपराक कोणती, हे ओळखावे कसे?

प्रश्न नीतीचा आहे खरा. पण गेल्या शंभर वर्षांत त्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीचा, म्हणजे दोघांचे मिळून काय आणि एकेकट्याचे काय याचा, सर्वांत कसून विचार केला तो पदार्थविज्ञानाने. यात नवल नाही. परमाणूच्या बाबतीत आपण सगळेच भिंतीपलीकडचे. आत काय घडते ते पाहता येत नाही. बाहेर जो आवाज येतो त्यावरून ओळखायचे.

आधी आपल्या पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावच्या आसपास, शेतांमधून मोठाल्या जाळीदार परड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकार झालेली ही खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. परड्या ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एकट्या परडीला आकाशाचे रेखीव चित्र काढता येत नाही. चित्र निघते ते जोड्यांमधून. ३० परड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे दोन संदेश एका जागी आणायचे, एकमेकांनी गुणायचे आणि गुणाकाराची सरासरी घ्यायची, असे हे काम अहोरात्र चालते. प्रत्येक परडीच्या यंत्राचा स्वतःचा असा एक गोंगाट असतो, आणि दूरच्या दीर्घिकेच्या कुजबुजीपेक्षा तो कितीतरी मोठा असतो. पण एकीचा गोंगाट दुसरीच्या गावीही नसतो. सरासरीत तो विरून जातो. दोघींनाही जे ऐकू आले तेवढेच मागे उरते. या उरलेल्याला शास्त्रज्ञ ‘सहसंबंध’ म्हणतात. भांडणाचा निवाडा करणाऱ्या मंडळींनी एकदा खोडदला जाऊन यावे, असे मला नेहमी वाटते. जो तो आपला गोंगाट घेऊन येतो आणि तोच वस्तुस्थिती म्हणून मांडतो, हा त्यांचाही रोजचाच अनुभव असणार.

तरी येथे घाई करून चालायचे नाही. दोन परड्यांत काही समान आढळले म्हणून त्या परड्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत असे ठरत नाही. दोघींना एकाच दीर्घिकेने सांगितले, एवढाच त्याचा अर्थ. आईने घरून पढवून पाठवलेली दोन भावंडे वेगवेगळ्या वर्गांत एकच सबब सांगतात, त्यातलाच हा प्रकार. खोडदला जे मोजतात ते ‘दोघींत समान’ असते. ‘दोघांत मिळून एकच’ असे काही सृष्टीत असते का, हा प्रश्न निराळा आणि अधिक खोल.

त्याचे उत्तर शोधायला खोडदचा २५ किलोमीटरचा पसारा एक कोटीच्या एक कोटी पटीने आक्रसून घ्यावा लागतो. तेवढा आक्रसला की उरते २.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका मिलिमीटरचे चाळीस लाख भाग केले तर त्यातला एक. बेरियम, सेरियम, इरिडियम आणि ऑक्सिजन यांच्या एका स्फटिकात इरिडियमचे परमाणू दोन-दोनच्या जोडीने बसलेले असतात, आणि जोडीतले अंतर जवळजवळ एवढेच असते. येथे परड्यांच्या जागी परमाणूच येतात, आणि रेडिओ-लहरींच्या जागी क्ष-किरण.

यामागची युक्ती जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंगने दाखवले, की दोन बारीक फटींतून आलेला प्रकाश समोरच्या पडद्यावर उजळ आणि काळे पट्टे उमटवतो. कारण दोन वाटांनी आलेल्या लाटा कोठे एकमेकींना उचलून धरतात, तर कोठे एकमेकींना बुडवतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. पुढे विसाव्या शतकात पुंजसिद्धान्ताने त्यात एक विलक्षण अट शोधून काढली. प्रकाशाचा कण कोणत्या फटीतून गेला याची खूण मागे राहिली, तर पट्टे पुसले जातात. ती खूण कोणी वाचली की नाही याला महत्त्व नाही; ती राहिली, एवढे पुरते.

२०१९ साली कोलोन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर हा प्रयोग त्या स्फटिकावर करून प्रसिद्ध केला. दोन फटी म्हणजे जोडीतले दोन इरिडियम. किरण सुमारे १.१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे. यातली गंमत अशी, की या प्रयोगात किरण आत शिरताना जेवढी ऊर्जा घेऊन येतो त्याहून थोडी कमी घेऊन बाहेर पडतो. फरकाची ऊर्जा तो आतल्या इलेक्ट्रॉनांपाशी ठेवून जातो. आता व्यवहारी माणूस म्हणेल, की ठेव ठेवली म्हणजे ती कोणाच्या तरी नावावर पडलीच पाहिजे. डाव्या परमाणूच्या नावावर पडली असेल, नाहीतर उजव्याच्या. तशी ती पडली असती तर तीच खूण झाली असती आणि पट्टे दिसले नसते. पण पट्टे दिसले. बाहेर पडणाऱ्या किरणांची दिशा बदलत नेली तसतशी त्यांची तीव्रता लाटेसारखी चढत-उतरत गेली, आणि त्या चढउतारावरून काढलेले अंतर जोडीतल्या अंतराशी जुळले. ठेव जमा तर झाली होती, परंतु दोघांपैकी एकाच्याही नावावर नव्हती. खाते जोडीच्या नावे होते.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती मात्र याच्या पुढची गोष्ट. त्याच दोन परमाणूंतले सगळेच इलेक्ट्रॉन असे सामाईक नसतात. अगदी आतल्या कक्षांतले ज्याचे त्याचे असतात. सामाईक असतात ते बाहेरच्या कक्षांतले काही. पुण्यातल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडांच्या खोल्या वेगळ्या आणि चौक एकच, तसे हे आहे. तेव्हा ‘हे दोन परमाणू एक की दोन?’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. ‘त्यांचा अमुक गुण कोणाचा?’ असे एकेका गुणाबद्दल विचारावे लागते, आणि प्रत्येक वेळी मोजून पाहावे लागते.

सिद्धान्तात ही गोष्ट १९३५ पासून माहीत होती. त्या वर्षी श्रोडिंगरने दाखवून दिले, की दोन कणांच्या समुच्चयाविषयी जाणण्याजोगे सर्व काही जाणले, तरी त्यातल्या एकेका कणाविषयी आपल्याला फारसे काही कळलेले असेलच असे नाही. आपली नेहमीची समजूत याच्या अगदी उलट. आपण सुटे भाग ओळखतो आणि त्यांवरून यंत्र समजून घेतो. पढवलेल्या भावंडांची शंका आइन्स्टाइनलाही होतीच: कणांचे एकमत ही आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट नसेल कशावरून? १९६४ साली जॉन बेलने त्यासाठी कसोटी काढली. आधी पढवून किती एकमत साधता येईल याला एक मर्यादा आहे, आणि निसर्गातले कण ती ओलांडतात. हे प्रयोगाने दाखवणाऱ्या तिघांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता इथवर आले की आपल्याकडे एक ठरलेला उद्गार निघतो: हे सगळे आमच्या वेदान्तात होतेच, सर्वं एकच आहे! दिवाळीच्या फराळाच्या ताटावर तर हा उद्गार चकलीइतकाच नेमाने येतो. मला तो मान्य नाही. वेदान्ताचा अनादर म्हणून नव्हे. प्रयोग ते सांगतच नाही म्हणून. सर्व एक असते तर खोडदच्या सरासरीत काहीच विरून गेले नसते आणि आतल्या कक्षांतले इलेक्ट्रॉन ज्याचे त्याचे राहिले नसते. जोडी ही अशी महाग वस्तू आहे, की एक खूण राहिली तरी ती मोडते. जे इतके सहज मोडते त्याला ‘सर्वत्र आणि सदैव’ म्हणणे म्हणजे त्याची किंमतच न ओळखणे.

आपल्याच घरात शोधायचे तर मी वेदान्त्यांपेक्षा नैयायिकांचे दार ठोठावीन. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ साली काढली. त्या जाडजूड ग्रंथाचा विषय असलेल्या परिभाषेत एक शब्द आहे: ‘व्यासज्यवृत्ति’. दोन तांबडे घट शेजारी ठेवले आहेत. तांबडेपणा पहिल्यात आहे, दुसऱ्यातही आहे. एकेकाकडे बोट दाखवून ‘हा तांबडा’ असे म्हणता येते. पण ‘हे दोन आहेत’ यातले द्वित्व कोठे राहते? एकेकाकडे बोट दाखवून ‘हा दोन’ असे म्हणता येत नाही. तो धर्म दोघांत मिळूनच राहतो. असा एकाहून अधिक आश्रयांत मिळून राहणारा धर्म तो व्यासज्यवृत्ति. वैशेषिक म्हणत, की हे द्वित्व मोजणाऱ्याच्या बुद्धीमुळे उत्पन्न होते आणि ती बुद्धी सरली की नाहीसे होते. इरिडियमच्या जोडीतला सामाईकपणा आपण मोजल्यामुळे उत्पन्न होत नाही, हा मोठाच फरक आहे, आणि तो झाकून शास्त्रींना पुंजसिद्धान्ताचे जनक ठरवण्याचा माझा बेत नाही. परंतु ‘प्रत्येकात राहणारे’ आणि ‘मिळून राहणारे’ असे दोन वेगळे कप्पे त्यांनी केले, आणि कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात जाते यावर पिढ्यान् पिढ्या वाद घातला. आपण म्हणी वापरून तेवढेही कष्ट घेत नाही.

परमाणूवरून माणसाविषयी काही सिद्ध होत नाही, हे येथेच सांगितलेले बरे. इलेक्ट्रॉनला लाज नसते, भीती नसते, माहेर नसते. मी उसनी घेतो आहे ती केवळ प्रश्न विचारण्याची रीत.

तिच्यासाठी पुण्याने कानांनी ऐकलेल्या आणि डोळ्यांनी पाहिलेल्या दोन गोष्टी आठवतात. दोन्ही १८८७ सालच्या, एकमेकींपासून आठवड्याच्या अंतराने घडलेल्या.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईला हुकूम केला, की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजीशी लावून दिलेले. ती त्याच्या घरी कधी नांदलीच नव्हती. १८८५ साली पहिल्या सुनावणीत न्यायमूर्ती पिन्हे यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती: दावा आहे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, पण जे कधी स्थापनच झाले नाही त्याची पुनःस्थापना कसली? त्यांनी दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत आले, आणि मग हा हुकूम. रखमाबाईने तुरुंग पत्करीन असे कळवले. पुण्याचा ‘केसरी’ तिच्या विरुद्ध होता. विवाह हा दोघांचा धर्म, तो एकटीने कसा नाकारावा, हा त्या बाजूचा सगळा रोख. म्हणजे टाळीचीच म्हण, संस्कृताचे उपरणे पांघरलेली. आज वाचताना दिसते ते एवढेच, की जोडी आहे असे सांगणारे पुष्कळ होते आणि जोडी मात्र नव्हती. १८८८ साली दादाजीने २,००० रुपये घेऊन प्रकरण मिटवले. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि पुढे सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर काम केले.

दुसरी गोष्ट अशी सोपी नाही. त्या हुकुमाच्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने वारल्या. वय २१. आदल्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली होती; कोल्हापूरच्या दवाखान्यात जागा ठरलेली होती, तेथे रुजू होणे राहूनच गेले. ही पदवी कोणाची? नवव्या वर्षी तिच्याशी लग्न केलेल्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या गोपाळरावाने बायको शिकलीच पाहिजे असा हट्ट धरला, त्याची? त्याने एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र छापून आले नसते, तर ते न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंच्या वाचनात आले नसते आणि आनंदीबाईला परक्या देशात घर मिळाले नसते. पण बोटीवर चढली ती नवऱ्यावाचून, परक्या हवेत अभ्यास केला तिने, खोकत खोकत परीक्षा दिली तिने. वाटणी करू लागलो की दोन्ही हिस्से खोटे पडतात. ती पदवी व्यासज्यवृत्ति आहे, असेच म्हणावे लागते. किंबहुना कार्पेंटर मावशींना धरून तिघांत मिळून राहणारी.

आणि मार? गोपाळराव तिला मारी. ही ऐकीव गोष्ट नव्हे. अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिनेच ते लिहिले आहे: दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी. त्याच पत्रात ती म्हणते, की तुमची वागणूक चांगली की वाईट हे सांगणे अवघड, विचाराल तर ती दोन्ही होती. शेवटच्या हेतूकडे पाहता योग्य, कोवळ्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहता अयोग्य. विशीतल्या या मुलीने, समोर एकही शास्त्री किंवा शास्त्रज्ञ नसताना, एकेका गुणाचा प्रश्न वेगळा काढला आहे. पदवीच्या मोठेपणात तिने मार विरघळू दिला नाही, आणि माराच्या आठवणीने पदवीतला त्याचा वाटाही पुसला नाही.

गोपाळरावाचे समर्थन करणारे आजही भेटतात: मारले म्हणून तर डॉक्टर झाली! हे लोक वाईट नसतात, पण त्यांची चूक नेमकी कोठे आहे ते दाखवता येते. पदवी दोघांची, म्हणून मारही दोघांचा, असे ते धरून चालतात. चौक सामाईक म्हणून आतल्या खोल्याही सामाईक. उलट टोकाचे लोक माराकडे बोट दाखवून त्या दोघांत काही सामाईक होते हेच नाकारतात. त्यांना अमेरिकेहून नेमाने येणारी ती पत्रे समजावून सांगता येत नाहीत. माराची खूण एकाच अंगावर राहिली आणि तिचा धनीही एकच. काठी कोणाच्या हातात होती, हे सांगायला तेथे सरासरी काढावी लागत नाही. पण रोज रात्री दिव्याशी बसून धडे घेण्यात त्याचे किती आणि तिचे किती, याची खूण त्यांनाही सापडली नसती.

श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली या दोघांवर कादंबरी लिहिली तिचे नाव ‘आनंदी गोपाळ’. मध्ये ‘आणि’ नाही. मराठी वाचकाला ते नाव एका दमात म्हणण्याची सवय झाली आहे, आणि त्या नावावर २०१९ साली चित्रपटही निघाला. नाव सुंदर आहे, आणि अर्धे खरे आहे.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावाने कार्पेंटर बाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाच्या गावी त्या बाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती पुरलेली आहे. तेथल्या दगडावर तिचे नाव कोरलेले आहे आणि नावापुढे पदवी.